हिपहॉप तळघरातले की वरातीतले?

माझा भाचा शिक्षणासाठी इंदूरला आमच्याकडे राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली तीन वर्षे रॅप लिहितो. मागच्या लग्नसराईत त्याने आपल्या फोनमधून एक गाणे पुसून टाकले. ते त्याला वर्षभर तोंडपाठ होते आणि त्यातल्या यमकांची ठेवण तो आम्हाला जेवताना ताट बाजूला सारून समजावत असे. मग एके रात्री रामबागेतल्या आमच्या गल्लीवरून गेलेल्या वरातीत डीजेने तेच गाणे वाजवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता माझी आई, म्हणजे त्याची आजी, त्याचे ध्रुवपद गुणगुणू लागली. "संपलं, मेनस्ट्रीम झालं हे," असे म्हणून भाच्याने ते काढून टाकले. "अरे, पण गाणं तर तेच आहे ना?" असे आईने विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते, आणि ते शोधण्याच्या खटाटोपातून हा लेख झाला.

आधी शब्दांचे पाहू. रॅप आणि हिपहॉप हे शब्द आपण अदलाबदलीने वापरतो, परंतु रॅप हा हिपहॉपचा केवळ एक भाग आहे. तबकड्या वाजवणारा डीजे, तालावर बोलणारा एमसी, जमिनीवर गिरक्या घेत केले जाणारे ब्रेकिंग आणि भिंतींवरची ग्राफिटी अशी चार अंगे मिळून हिपहॉप बनते, आणि चारही अंगांचे नशीब एकसारखे नाही. ब्रेकिंग २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाले, तर रेल्वेच्या डब्यावर रात्री रंग मारणाऱ्याला आजही पोलीसच पकडतात. राहिला अंडरग्राउंड हा शब्द, भाच्याच्या ‘मेनस्ट्रीम’च्या, म्हणजे सर्वत्र रुळलेल्या संगीताच्या, विरुद्ध टोकाचा. मराठीत ‘भूमिगत’ म्हटले की १९४२ च्या चळवळीतले कार्यकर्ते डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी अंडरग्राउंड हाच शब्द ठेवतो. तो उच्चारताना लोक तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवतात: गाणे ऐकणारे किती आहेत, गाण्याची मालकी आणि पैसा कोणाच्या हाती आहे, आणि लिहिणाऱ्याने लिहिताना कोणता श्रोता समोर धरला होता. भाच्याने गाणे पुसले ते केवळ पहिल्या प्रश्नाच्या जोरावर, आणि तिन्हींपैकी तोच सर्वांत कच्चा आहे, असे मला वाटते.

हिपहॉप मुळात पैशापासून लांब, निर्मळ होते आणि पुढे बाजाराने ते बाटवले, ही कथा तरुण मुलांना फार आवडते. प्रत्यक्षात सुरुवातीलाच तिकीट होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली, कारण शाळा सुरू होण्यापूर्वी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. तिने इमारतीतला सामाईक हॉल घेतला, हाताने लिहिलेली आमंत्रणे वाटली आणि मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट असे प्रवेशमूल्य ठेवले. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले. आज ही तारीख हिपहॉपचा जन्मदिवस मानली जाते.

हे कुटुंब जमैकाहून आलेले होते, आणि जमैकात ज्याचे स्पीकर मोठे त्याची गल्ली, असा रिवाज होता. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत दोन डीजे समोरासमोर आल्यावर काय होते हे ज्यांनी छातीत अनुभवले आहे, त्यांना हा रिवाज समजावून सांगण्याची गरज नाही. हर्कने त्यात एक बारकावा शोधला. त्याच्या लक्षात आले की गाण्यात जिथे गायक आणि बाकीची वाद्ये थांबतात आणि केवळ ड्रमचा ठेका उरतो, त्या काही सेकंदांची नाचणारे वाट पाहत असतात. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढवल्या. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवर तोच ठेका सुरू करायचा, आणि तेवढ्या वेळात पहिली हाताने उलटी फिरवून परत सुरुवातीला आणून ठेवायची. त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे तबकडीवर मेणाच्या खडूने खूण करून हे काम इतके नेमके केले की समेवर येण्यात तसूभरही फरक पडेना. दोन मिनिटांच्या गाण्यातले दहा सेकंद अशा रीतीने हवे तितके लांबवता येऊ लागले, आणि त्या लांबवलेल्या ठेक्यावर लोकांना चेतवण्यासाठी जे बोलले जाई त्यातूनच पुढचे रॅप उभे राहिले.

सहा वर्षे हे सगळे पार्ट्या, बागा आणि क्लब यांतच राहिले. १९७९ साली शेजारच्या न्यूजर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीने तीन मुलांना गोळा केले आणि शुगरहिल गँग या नावाने चौदा मिनिटांहून अधिक लांबीची एक तबकडी काढली. ती अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंत गेली. ब्रॉन्क्समधल्या जुन्या मंडळींनी मात्र कपाळाला हात लावला, कारण या तिघांना तिथे कोणी ओळखतच नव्हते. तिघांपैकी एक जण पिझ्झाच्या दुकानात काम करी, आणि त्याने म्हटलेल्या ओळी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या. त्या त्याने इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरे ज्या ओळीत गुंफली होती, ती ओळदेखील तशीच राहिली. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या पहिल्या रॅप गाण्यात खऱ्या लेखकाची सही आहे, फक्त म्हणणारा दुसराच आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. १९७९ च्या आधी ब्रॉन्क्समध्ये अंडरग्राउंड असे काही नव्हतेच. जे होते ते त्या वस्तीचे सार्वजनिक करमणुकीचे साधन होते, आणि वस्तीतल्या वस्तीत ते पुरेपूर लोकप्रिय होते. वर काही असल्याशिवाय खाली काही असू शकत नाही. अंडरग्राउंड हे मेनस्ट्रीमचे वडील आहे असे सगळे समजतात. घटनाक्रम पाहिला तर ते त्याचे अपत्य ठरते.

हे अपत्य जन्माला यायला पुढची दहा-बारा वर्षे लागली, आणि त्या काळाबद्दल फार रेंगाळायचे कारण नाही. १९८६ साली रन-डीएमसी हा गट एरोस्मिथ या रॉक मंडळींबरोबर बिलबोर्डच्या चौथ्या क्रमांकावर पोहोचला, १९८८ मध्ये एमटीव्हीने रॅपसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि १९९० मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या तरुणाचे रॅप गाणे थेट पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर १९९१ मध्ये एक वरवर रुक्ष, पण फार परिणामकारक गोष्ट घडली: मोजण्याची पद्धत बदलली. तोवर कोणता अल्बम किती खपला हे दुकानदार तोंडी सांगत, आणि त्यांच्या सांगण्यावर खप ठरे. मे १९९१ पासून बिलबोर्डने दुकानातल्या गल्ल्यावर नोंदलेली प्रत्यक्ष विक्री धरायला सुरुवात केली. महिन्याभरातच एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसच्या गटाचा अल्बम यादीच्या शिखरावर होता, जरी त्यांची गाणी रेडिओवर लागणे दुरापास्त होते. ज्याला सगळे कोपऱ्यातले संगीत समजत होते ते प्रत्यक्षात गल्ल्यावर बसलेले निघाले. श्रोत्यांची संख्या हा कच्चा निकष आहे असे मी वर म्हटले, ते यासाठी. संख्या मोजणाऱ्यावरही अवलंबून असते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एक निकाल दिला, आणि माझ्या मते अंडरग्राउंड आणि मेनस्ट्रीम यांच्यातली भिंत कोणत्याही गाण्यापेक्षा त्या निकालाने जास्त उभी केली. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. असे तुकडे वापरण्याला सॅम्पलिंग म्हणतात, आणि हर्कच्या दोन तबकड्यांपासून हिपहॉपचा सगळा संसार त्यावरच उभा होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी मूळ मालकाची परवानगी आणि पैसे हा नियमच झाला. एकेका गाण्यात दहा-वीस तुकडे चिकटवण्याची जी गोधडीसारखी कारागिरी होती, ती आता ज्याच्यामागे मोठी कंपनी आणि वकील आहेत त्यालाच परवडू लागली. त्यामुळे बड्या कंपन्यांची गाणी एखाद्याच ओळखीच्या, महागड्या तुकड्यावर उभी राहू लागली, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी कोणाला माहीत नसलेल्या तबकड्यांतून इतके बारीक तुकडे कापायला सुरुवात केली की मालकालाही ते ओळखता येऊ नयेत. ज्याला आज ‘अंडरग्राउंडचा नाद’ म्हणून नावाजले जाते, त्यातला बराचसा भाग रसिकतेइतकाच काटकसरीतून आणि कायद्याच्या भीतीतून आलेला आहे.

दुसरे दार रेडिओचे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली, आणि क्लिअर चॅनेल ही एकच कंपनी काही वर्षांत १,२०० च्या आसपास केंद्रांची धनी झाली. शहरागणिक वेगळी लागणारी गाणी त्यामुळे सारखी होत गेली. जे या ठरावीक गाण्यांच्या यादीत बसत नव्हते ते विद्यापीठांच्या रेडिओवर मध्यरात्रीनंतर वाजू लागले. कोलंबिया विद्यापीठाचे केंद्र जाझसाठी नावाजलेले होते, पण नव्वदच्या दशकात त्याच खोलीतून आठवड्यातल्या एका रात्री स्ट्रेच आणि बॉबिटो हे दोघे अजून करार न मिळालेल्या रॅपरांना माइकसमोर उभे करत, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले नास, बिगी आणि जे-झी हे तिघेही तिथे येऊन गेले. इंदूरकरांना हे नवे वाटू नये. आमच्या सराफ्यात दिवसभर तराजूवर सोने तोलले जाते, आणि रात्री शटर खाली आली की त्याच पायऱ्यांवर गराडू तळले जातात आणि भुट्ट्याचा कीस परतला जातो. ओटा एकच, मालकही बहुधा तोच. वेळ आणि गिऱ्हाईक मात्र निराळे.

मालकाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगायला हवी. नव्वदच्या दशकाअखेरीस ‘आम्ही बाजाराबाहेरचे’ हा बाणा ज्या कंपनीने सर्वांत ठसठशीतपणे मिरवला, त्या रॉकस रेकॉर्ड्समध्ये भांडवल होते ते माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांचे चिरंजीव जेम्स यांचे. उलटपक्षी, जे-झीला १९९६ मध्ये कोणी बडी कंपनी उभे करेना, म्हणून त्याने दोन मित्रांच्या साथीने स्वतःची कंपनी काढून पहिला अल्बम आणला. ज्याला आपण बाजाराचा राजा म्हणतो त्याने सुरुवात स्वतःच्या खिशातून केली, आणि बंडखोरांची छावणी धनिकपुत्राच्या पैशावर चालली. यावरून कोणाला खोटे ठरवण्याची घाई मी करणार नाही, कारण रॉकसने काढलेली गाणी उत्तमच होती.

भारतात हा सगळा क्रम उलटा लागला. इथे मेनस्ट्रीम आधी आले. १९९२ मध्ये बाबा सहगलने हिंदीत रॅप घरोघरी पोहोचवले, तेही त्याच व्हॅनिला आइसच्या गाण्याच्या चालीवर बेतलेल्या गमतीदार शब्दांनी. मग हिंदी चित्रपटांनी आणि पंजाबी गाण्यांनी ते उचलले, आणि यो यो हनी सिंगच्या काळात ते प्रत्येक वरातीत शिरले. वस्तीतले, स्वतःच्या भाषेतले रॅप त्यानंतरचे. मुंबईत अंधेरीच्या डिव्हाइनने २०१३ मध्ये आणि कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपली पहिली गाजलेली हिंदी गाणी आणली, आणि नेझीने तर गाण्याचे ध्वनिमुद्रण व चित्रण दोन्ही एका आयपॅडवर केले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला मोठा हिंदी चित्रपटही आला. पुण्याच्या वस्तीत वाढलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. तळघरापासून दिवाणखान्यापर्यंत जायला अमेरिकेत जो वेळ लागला, तो इथे लागला नाही.

इंदूरमध्ये हे कसे चालते ते पाहायला मी एका रविवारी भाच्याबरोबर मेघदूत उद्यानात गेलो. दहा-बारा मुले गोल करून उभी होती. याला ते सायफर म्हणतात. एक जण दोन्ही तळवे तोंडावर धरून ठेका देत होता, आणि प्रत्येकाला सोळा बार मिळत होते. एक बार म्हणजे चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर सोळा बारांना सुमारे ४३ सेकंद लागतात, आणि एवढ्यात जे सांगायचे ते सांगून मोकळे व्हायचे असते. एका मुलाने कोचिंगच्या खोलीचे भाडे, मेसचे वरण आणि वडिलांचा रोजचा फोन असे एकात एक गुंफले, आणि शेवटच्या यमकाला गोलातून एकदम "ओ भिया!" असा पुकारा झाला. दुसऱ्याने एक ओळ कुठूनतरी उचलली होती. ती पुरी होण्याआधीच तिघांनी मूळ गाणाऱ्याचे नाव घेतले आणि तो लाजून मागे सरकला. ऐकणारा प्रत्येक जण स्वतः लिहिणारा होता. हाच खरा फरक आहे, असे मला तिथे वाटले. आपल्या कलगी-तुऱ्यात, जो माळव्यात तुर्रा-कलंगी म्हणून रंगत असे, शक्तीची बाजू गाणाऱ्या शाहिराचा खरा परीक्षक समोरचा शिवपक्षाचा शाहीर असे, कारण कोडे कितपत अवघड आहे हे त्यालाच कळे. अंडरग्राउंड म्हणजे अशा श्रोत्यासमोर केलेले काम, आणि असे काम करणारा माणूस संध्याकाळी वरातीतही वाजू शकतो.

गोलात मुलगी एकच होती, आणि तिची पाळी यायला बराच वेळ लागला. पहिली पार्टी सिंडीने भरवली, पहिली गाजलेली तबकडी सिल्व्हियाने काढली, आणि अस्सलपणाची राखण मात्र मुलगे करत बसले आहेत, हे मी परतीच्या वाटेवर भाच्याला सांगितले. तो काही बोलला नाही. भाच्याने त्या दिवशी चार ओळी मराठीतही म्हटल्या, आणि त्या गोलात कोणालाच कळल्या नाहीत. इंदूरमध्ये मराठी रॅप हे अंडरग्राउंडच्याही खालच्या मजल्यावर राहते.

ध्वनिमुद्रण आमच्या घरातच होते. कपड्यांचे कपाट उघडे ठेवून, दोन्ही दारांवर आईच्या गोधड्या टाकून तो मधल्या फटीत माइक धरून उभा राहतो, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. बीट, म्हणजे मागचा ठेका आणि सुरावट, तो इंटरनेटवरून घेतो, आणि इथे मालकीचा तो दुसरा प्रश्न पुन्हा समोर येतो. स्वस्तातली बीट म्हणजे भाड्याची खोली: बनवणारा तीच बीट आणखी पन्नास जणांना देऊ शकतो. कायमची एकट्याची हवी असेल तर तिची किंमत कित्येक पट असते. भाच्याने इंटरनेटवर टाकलेल्या एका गाण्याचा आवाज गेल्या वर्षी एका सकाळी अचानक बंद झाला, कारण तीच बीट घेतलेल्या दुसऱ्या कोणीतरी आपले गाणे आधी नोंदवले होते आणि तिथल्या यंत्रणेने भाच्यालाच चोर ठरवले. भाड्याची पावती पाठवून, अठरा दिवस पत्रव्यवहार करून तो आवाज परत आला. बिझ मार्कीची गोष्ट मी त्याला त्याच आठवड्यात सांगितली, आणि एरवी इतिहासाला कंटाळणाऱ्या मुलाने ती शेवटपर्यंत ऐकली.

आता संख्येचा निकष किती निकामी झाला आहे हे पाहायचे असेल तर अलीकडची वर्षे पुरेशी आहेत. २०१७ मध्ये हिपहॉप आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यांनी मिळून अमेरिकेत ऐकण्याच्या बाबतीत रॉकला मागे टाकले. चान्स द रॅपर याने कोणत्याही कंपनीशी करार न करता, विक्रीला न ठेवलेल्या अल्बमवर त्याच वर्षी ग्रॅमी मिळवले, आणि रॅपर केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, जे तोवर शास्त्रीय आणि जाझच्या बाहेर संगीतात कोणालाच मिळाले नव्हते. २०२४ मध्ये केरळच्या हनुमानकाइंडचे गाणे बिलबोर्डच्या २३ व्या क्रमांकापर्यंत गेले; त्याच्या चित्रणात जत्रेतला मौत का कुआँ आहे, आणि तो गाणारा त्या फळ्यांच्या विहिरीच्या तळाशी उभा असताना गाड्या डोक्यावरून फिरतात. तो नेमका वरचा की खालचा, हे त्या चित्रावरूनही ठरवता येणार नाही.

भाच्याचे सांगायचे तर, फेब्रुवारीत त्याने भंवरकुआच्या एका कोचिंग क्लाससाठी तीस सेकंदांची जाहिरात लिहून दिली, दुसऱ्या नावाने, आणि त्या पैशांतून पहिल्यांदा एक बीट कायमची विकत घेतली. जाहिरात रिक्षांवरच्या भोंग्यांतून महिनाभर वाजली. सायफरमधल्या मुलांनी तिसऱ्याच दिवशी आवाज ओळखला आणि रविवारी त्याची पाळी येताच ठेका देणाऱ्याने त्या जाहिरातीचाच ठेका धरला. भाच्याने त्यावर सोळाच्या सोळा बार म्हटले. त्यातले शेवटचे चार आईने मला स्वयंपाकघरातून म्हणून दाखवले. तिला ते कोणी शिकवले, हे मात्र तिने सांगितले नाही.